मला लागलेले डोहाळे

सन एकोणीसशे चौऱ्याहत्तर. मला बावीस वर्षं पुरी झाली होती आणि त्या बावीस वर्षांत मी एकदाही अंथरूण धरलं नव्हतं. हे उगीच मिरवायला सांगत नाही. आमच्या पाथर्डीकडच्या गावात हिवताप घरोघर फिरला, तो आमच्या उंबऱ्यापर्यंत आला आणि किसन्याला बघून माघारी गेला, असं माझा बाप चारचौघांत सांगायचा. शाळा मी तिसरीपर्यंत केली. ती सुटली ती आजारपणानं नाही, मास्तरचं आणि माझं पटलं नाही म्हणून. शिळी भाकरी, आंबलेलं ताक, तळ गेलेल्या विहिरीचं गढूळ पाणी, माझ्या पोटानं कशालाच कधी नाही म्हटलं नाही. आणि तरी आमच्या भावकीतले जे म्हातारे अजून उरलेत, ते मला पारावर बघितलं की आजही विचारतात, "काय किसनराव, डोहाळे थांबले का?" मी पन्नास वर्षं हे ऐकून घेतलं. आता त्यातलं खरं काय ते लिहून ठेवतो. ज्याला खोटं वाटेल त्यानं आतल्या खोलीत जाऊन गयाला विचारावं. ती या घडीला शेंगा फोडत बसली आहे आणि मी काय लिहितो ते मोठ्यानं वाचायला लावते आहे.

गया माझी बायको. तेव्हा वीस वर्षांची होती आणि लग्नाला तीन वर्षं झाली होती. घरात आई होती, बाप होता, पण राज्य होतं पारूआत्याचं. पारूआत्या म्हणजे बापाची थोरली बहीण. नवरा लवकर गेला, मूलबाळ नाही, तेव्हापासून ती आमच्यातच. उंचीनं माझ्या खांद्याला लागायची, पण तिनं अंगणातून नुसतं खाकरलं तरी बैल उभे राहायचे. पहाटे जात्यावर बसली की ओव्या म्हणायची नाही, दळता दळता दिवसभराची कामं नेमून द्यायची. जात्याची घरघर आणि मधून, "किसन्या, वैरण. गये, शेण. नान्या, उठतो का पानी ओतू." नाना म्हणजे माझा चुलता. बापापेक्षा धाकटा, अंगानं धिप्पाड, आणि घराबाहेर पडायचं म्हटलं की त्याच्या कपाळावर आठी. शेत सोडून बाहेर गेलं की मागं कुणीतरी काहीतरी चोरणार, हे त्याचं ठरलेलं होतं.

तीन वर्षं झाली तरी पाळणा हलेना, तेव्हा आत्यानं ठरवलं की कळसूबाईला जायचं. आपल्या जिल्ह्याच्या पार दुसऱ्या टोकाला, अकोल्याच्या वरच्या अंगाला तो डोंगर. सगळ्यात उंच, म्हणून तिथली देवी सगळ्यात आधी ऐकते असं आत्याचं गणित. नवरात्रात अष्टमीला माथ्यावर जाऊन सुनेनं ओटी भरायची, नारळ द्यायचा आणि मागायचं. बाप म्हणाला, मोहट्याची देवी दारात असताना इतक्या लांब कशाला. आत्यानं त्याच्याकडं नुसतं बघितलं. मग असं ठरलं की बापानं खळ्यावरची बाजरी राखायची आणि नानानं आम्हाला घेऊन जायचं. नानाची एक ओळख होती तिकडं. बारी नावाच्या गावात, अगदी डोंगराच्या पायाशी, सखाराम म्हणून एक जण राहायचा. ऊसतोडीला असताना दोघांच्या पाचटाच्या कोप्या शेजारी शेजारी होत्या.

निघायला आठवडा असेल. गया आणि मी बाजरीची कणसं खुडत होतो. ती एकदम थांबली आणि म्हणाली, "अवं, मागल्या बारीला मी बाहेर बसले ना, ते खोटं हुतं."

आमच्या घरात तेव्हा बाईनं महिन्याचे ते दिवस पडवीच्या कोपऱ्यात घोंगडीवर काढायचे अशी रीत. चुलीला शिवायचं नाही, पाण्याला शिवायचं नाही. त्यामुळं कोण कधी बसली आणि कोण कधी बसली नाही हे साऱ्या घराला ठाऊक. सून बसली नाही की आत्या बोटं मोजायला सुरुवात करणार. म्हणून ही बया काही झालेलं नसताना कोपऱ्यात जाऊन बसली होती. मला हे समजायला दोन ओळी कणसं खुडावी लागली. समजलं तेव्हा मी विळा खाली टाकला आणि म्हणालो की मग घरात सांग, आई साखर वाटेल.

"सांगितलं की डोंगर ऱ्हायला," ती म्हणाली. "पोरासाठी मागायला निघालोय ना आपन? पोर आलंच म्हनल्यावर कशाला नेतेत मला. आन् पोटुशी बाई तर उंबऱ्याभाईर सोडायच्या न्हाईत आत्याबाई."

"मंग नको जाऊ. डोंगरावर काय असतं? दगूड."

"मंग दगूड बघते."

 ती पुन्हा खुडायला लागली, पण बोलणं थांबलं नाही. तिची आई पाथर्डीच्या बाजारापलीकडं कधी गेली नव्हती. तिची आजी तर तेवढीही नाही. "एकदा लेकरू झालं की मंग दुसरं, मंग तिसरं. मला एकदा उच्चावर हुभं ऱ्हाऊन खाली बघायचं हाय. मंग बसते की घरात, जलमभर."

तीन वर्षांत तिनं माझ्याकडं काही मागितलं नव्हतं, बांगड्यासुद्धा नाही. मी बरं म्हणालो. आणि मी एकदा बरं म्हणालो की खांब हलेल, मी हलत नाही. आमची नातसून परवा सहावा महिना असताना स्कूटीवर केडगावला जाऊन आली आणि डॉक्टरनं तिला हसत हसत परवानगी दिली. तेव्हा मला ते बाजरीचं रान आठवलं. तेव्हा परवानगी देणारं माणूस एकच होतं आणि ते जात्यावर बसायचं.

एसटीनं नगर, नगरहून संगमनेर, तिथून अकोलं, राजूर. राजूरच्या पुढं वळणं सुरू झाली आणि अर्धी गाडी खिडकीबाहेर तोंड काढून ओकायला लागली. त्यात गयाही होती, पण त्या गर्दीत कोण कुणाला विचारतो. मी निर्धास्त झालो. मला वाटलं झालं, एवढंच होतं.

सखारामचं घर म्हणजे कुडाच्या भिंती, वर गवताचं छप्पर, पुढं ओटा, मागं म्हशींचा गोठा. सगळीकडं हिरवं इतकं की आमच्या डोळ्यांना सवय नव्हती. खाचरात भात उभं, बांधावर सोनकीची पिवळी फुलं, आणि घराच्या मागं तो डोंगर, अर्धा ढगात. नाना त्याच्याकडं एकदा बघून म्हणाला की हे चढायचं माणसाचं काम नाही. सखारामच्या बायकोनं नाचणीची भाकरी आणि कारळ्याची चटणी वाढली. आत्याला उपास, तिला वरईचा भात. अष्टमीला अजून तीन दिवस होते, आणि नाना त्या पहिल्याच रात्री म्हणाला की खळ्यावर बाजरी उघडी पडली आहे, कुणाचं काही दुखलंखुपलं तर आपण तिथूनच माघारी फिरायचं, थांबायचं नाही.

दुसऱ्या दिवशी उजाडायच्या आधी सखारामच्या बायकोनं चूल पेटवली. कारवीच्या ओल्या काटक्या, त्यांचा धूर घरभर झाला, आणि गया ताडकन उठून गोठ्यामागं पळाली. मी तिच्या मागं. ती भिंतीला धरून वाकली होती आणि आवाज दाबता दबत नव्हता. इतक्यात ओट्यावरून नानाचा आवाज आला, "कोन वकतंय रं तिकडं?"

मला विचार करायला वेळ नव्हता. मी गोठ्याच्या अलीकडच्या कोपऱ्यावर येऊन उभा राहिलो, गुडघ्यावर हात ठेवले आणि ओकलो. म्हणजे पोटातून काही निघालं नाही, पण आवाज असा काढला की म्हशी उठून उभ्या राहिल्या. लहानपणी मी माळ्यावर बसून पाखरं राखायचो, आरोळी मारली की शिवारभर जायची. तो गळा त्या दिवशी कामी आला. एक ओकारी झाली, दुसरी झाली, तिसरीला तर मला स्वतःलाच भीती वाटली. नाना कंदील घेऊन आला तर मी डोळे पुसतोय, आणि मागून गया तांब्या घेऊन येतेय, जशी नवऱ्याला पाणी द्यायला आली.

नाना घाबरला. खरंच घाबरला, कारण मला असं त्यानं जन्मात बघितलं नव्हतं. म्हणाला, "चला, गठुडी बांधा. सकाळच्या गाडीनं माघारी."

आता आली का पंचाईत. बायकोचं लपवायला मी आजारी पडलो, आणि मी आजारी म्हणून बायकोचा डोंगर चालला. मी म्हणालो, काही झालं नाही, रात्रीची चटणी जास्त झाली. आणि ते पटावं म्हणून चुलीपाशी जाऊन बसलो आणि नाचणीच्या चार भाकरी खाल्ल्या. वर सखारामच्या अंगणात पडलेलं दगडी उखळ उचलून ह्या कोपऱ्यातून त्या कोपऱ्यात नेऊन ठेवलं. सखारामनं विचारलं की तिकडं कशाला ठेवलं, मग परत आणून ठेवलं. नाना कमरेवर हात ठेवून बघत होता. पहाटे आतडं बाहेर काढणारा माणूस उन्हं वर येईपर्यंत उखळं वाहतो, हे त्याला कुठल्याच रोगात बसवता येईना.

ते सखारामच्या बायकोनं बसवलं. भाकरी थापता थापता ती म्हणाली, "आमच्याकडं म्हनत्यात, बाईचं पोट राहायचं आसंल तर आधी बाप्याला कळतं. ह्यांला डोहाळे लागलेत." सखाराम हसला, नाना तर इतका हसला की त्याला ठसका लागला. गया पदराच्या आड गेली. ती हसते आहे की भ्यालेली आहे हे मला दिसेना. दुपारपर्यंत गोष्ट साऱ्या बारीत पसरली होती. पाणवठ्यावरच्या बाया मला बघून पदर तोंडाला लावायच्या. एका म्हातारीनं मला चिंच आणून दिली. मी, किसन, ज्याला बघून हिवताप माघारी गेला, तो परक्या गावात झाडाखाली बसून चिंच चोखत होतो. आमचा नातू पावसाळ्यात मित्रांबरोबर कळसूबाईला जातो, डोक्याला बत्ती लावून रात्रीचे चढतात आणि वर जाऊन फोटो काढतात. तो मला विचारतो, "आजोबा, तुम्हाला उंचीचा त्रास झाला होता का?" मी हो म्हणतो. त्याला काय सांगणार.

सप्तमीच्या पहाटे तेच. गया गोठ्यामागं, मी कोपऱ्यावर. आता गावातल्या दोघातिघांना ऐकायची सवय झाली होती, शेजारचा एक जण आपल्या ओट्यावरून म्हणाला, "लागले का पाव्हन्याचे डोहाळे." या वेळी नानानं परतायचं नाव काढलं नाही, पण त्यानं सखारामकडून काढा करून घेतला. कसल्या कसल्या मुळ्या, हिरडा, आणि एक पाला असा कडू की वास आला तरी जीभ आत जायची. वाटीभर काढा, नाना समोर बसलेला, आणि मला पिणं भाग. तो पोटात गेला आणि मग मी खरंच ओकलो. नाना समाधानानं म्हणाला, "बघ, निघालं का नाय सगळं." मी पुन्हा चार भाकरी खाल्ल्या, पुन्हा उखळ उचललं. या वेळी सखारामनं ते कुठं ठेवायचं ते आधीच दाखवलं.

ह्या सगळ्यात आत्या एक शब्द बोलली नव्हती. ओट्यावर बसून माळ ओढत होती आणि अधूनमधून माझ्याकडं बघत होती, जसं बाजारात बैलाच्या दाताकडं बघतात.

अष्टमीला आम्ही चढलो. खाली धुकं होतं, माणसं वर चालली होती, कुणाच्या हातात ताट, कुणाच्या डोक्यावर पाटी, डफाचा आवाज वरून यायचा आणि मधेच ढगात गडप व्हायचा. अवघड जागी लोखंडी साखळ्या होत्या, त्या धरून चढायचं. नाना पहिल्याच साखळीला खाली बसला आणि म्हणाला की कुणीतरी चपला राखायला पाहिजेत. सखाराम पुढं, मग आत्या, मग गया, मागं मी. माझे हात साखळीवर कमी आणि गयाच्या मागं जास्त, पडली तर झेलायला. ती पडणाऱ्यातली नव्हती. पोटातलं सगळं पहाटेच निघून गेलं होतं आणि ती शेळीसारखी चालली होती. एका साखळीवर मीच घसरलो, गुडघा फुटला. तिनं वरून हात दिला. तो मी धरला नाही. आता आतून ती म्हणते आहे की धरला होता. तिनं सांगितलं म्हणून लिहिलं.

माथ्यावर देवीचं लहानसं देऊळ, एका वेळी दोघं मावतील एवढं. आम्ही पोहोचलो आणि वाऱ्यानं ढग फाटला. गया कड्याच्या अलीकडं उभी राहिली. डोंगरामागं डोंगर, त्यांच्यामागं पुन्हा डोंगर, आणि खाली एका बाजूला पाणी. आमच्याकडं पाणी म्हणजे विहिरीच्या तळाला चमकतं ते. हे डोंगरांच्या कुशीत शिरलेलं, हातपाय पसरून झोपलेलं पाणी. तिनं सखारामला विचारलं हे काय, तो म्हणाला भंडारदऱ्याचं धरण. तिचा पदर डोक्यावरून उडाला होता आणि तिनं तो सावरला नाही. मला वाटलं ती काहीतरी बोलेल. ती नुसती बघत राहिली. मीही मग डोंगर न बघता तिच्याकडं बघत राहिलो.

आत्यानं हाक मारली. ओटी भरली, हळदकुंकू वाहिलं, गयानं नारळ हातात घेतला आणि दगडाकडं वळली. आत्यानं तिच्या हातातून नारळ काढून घेतला.

"दे हिकडं," ती म्हणाली. "तुझ्या हातानं फोडायचा न्हाई आता."

पोटुशी बाई नारळ फोडत नाही. हे आमच्याकडं शेंबड्या पोरालाही ठाऊक. गयाचं तोंड पांढरं पडलं. मी मधे काहीतरी बोलायला गेलो तर आत्यानं मला हातानंच गप्प केलं.

"तू नगं बोलू. वकायचा तू, आन् चूळ भरायची ती. दोन सकाळी बघतेय मी. तुझं तोंड कोरडं आन् तिचा पदर वला."

मी म्हणालो, मग बोलली का नाहीस?

आत्यानं नारळ दगडावर आपटला, पाणी देवीवर सोडलं, मग म्हणाली, "बोलले असते तर नान्यानं खालनंच माघारी फिरवलं असतं. आन् मंग मला कुनी आनलं असतं हितं? मी रांडमुंड बाई, मला काय नवस? मला काय मागायला न्यायचं कुनी?" तिनं खोबऱ्याचा तुकडा गयाच्या हातावर ठेवला. "खा. आन् नीट बघून घे. मीबी बघते."

त्या दोघी कितीतरी वेळ एकमेकींच्या शेजारी उभ्या होत्या. आत्या देवीजवळ काय बोलली, मागायचं ते तर आधीच मिळालं होतं, हे मला माहीत नाही. मी विचारलं नाही. उतरताना ती पुढं होती आणि मधेच थांबून ते पाणी कुठून कुठून दिसतं ते गयाला दाखवत होती.

खाली नाना चपला राखत झोपला होता. आम्हाला बघून खूश झाला. ओटी भरली, नारळ दिला, काम झालं, उद्या सकाळच्या पहिल्या गाडीनं घर, बाजरी खळ्यावर आहे. आत्या हो म्हणाली. इतक्या सहज हो म्हणालेली मी तिला कधी ऐकली नव्हती. संध्याकाळी मी हातपाय धूत होतो तेव्हा ती माझ्याशेजारी येऊन वाकली आणि पायावर पाणी घेता घेता हळूच म्हणाली, "सखाराम म्हनतो, धरणापातूर बैलगाडी जाती. गयीला जवळनं बघायचंय. मलाबी. उद्या सकाळी जरा जोर लाव."

मी म्हणालो, आता कशाला, आता तर तुला ठाऊक आहे. तर म्हणाली, "नान्याला कुठं ठाऊक हाय? आन् वकणारा मानूस घाटातनं गाडीत कसा न्यायचा? त्याच्यापाशी कुनीतरी बसाया पायजे का न्हाई?"

दुसऱ्या दिवशी पहाटे गयाला काही झालं नाही. शांत झोपून उठली, केस विंचरले, नवं लुगडं नेसली. मी एकटाच गोठ्यामागं गेलो, गुडघ्यावर हात ठेवले, आणि असा ओकलो की डोंगरानं तो आवाज दोनदा परत पाठवला. नाना धावत आला, माझी पाठ चोळली, आत्यानं घाटातल्या वळणांची आठवण दिल्यावर गाडीचं नाव सोडलं, आणि बायकांना म्हणाला की तुम्ही कुठं जायचं ते जाऊन या, मी ह्याच्यापाशी बसतो. मग मी घोंगडी पांघरून ओट्यावर पडलो. बैलांच्या घुंगरांचा आवाज धरणाच्या वाटेनं लांब जाईपर्यंत ऐकला. नानानं काढ्याची वाटी पुढं केली ती एका दमात प्यालो, आणि त्याला संशय येऊ नये म्हणून दुसरी मागून घेतली.